आमची प्लायमाउथ : एका निर्लेखनाची गोष्ट

(गणेशोत्सवातील ‘आठवणींचा कट्टा’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला भाषणाची सवय नाही. शासकीय नोकरीत टिपण्या लिहायची सवय आहे, तीही ‘सादर’ म्हणून सुरू करून ‘आदेशार्थ’ म्हणून संपवायची. त्यामुळे कुठे टिपणीसारखं झालं तर सांभाळून घ्या. आणखी एक सांगतो. ज्या गाडीबद्दल बोलायचं आहे ती एकट्याची नव्हती, घरातल्या सगळ्यांची होती. म्हणून तोंडात ‘आम्ही’ असंच येईल.

मंडळातल्या जुन्या मंडळींना ती गाडी आठवत असेलच. गर्द निळी, गोल पाठीची, समोर चकचकीत पट्ट्यांची जाळी आणि बोनेटच्या टोकाला शिडाचं एक छोटं गलबत. १९८९ पासून सलग नऊ वर्षं आपल्या मंडळाचा गणपती वापीहून त्या गाडीत बसून आला. तेव्हाची लहान मुलं आता आईबाप झाली आहेत, पण भेटली की विचारतात, “तुमची ती गलबताची गाडी कुठे आहे हो?” आजवर आम्ही या प्रश्नाला काहीतरी गुळमुळीत उत्तर देत आलो. आज खरं उत्तर द्यायचं ठरवलं आहे. त्याला कारणही आहे, ते शेवटी सांगतो.

आधी आमच्या आबांबद्दल सांगायला हवं. आबा म्हणजे आमचे आजोबा, सातारा जिल्ह्यातले. शेत थोडं आणि भाऊ पुष्कळ, म्हणून मुंबईला आले आणि १९४८ साली कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात चिकटले. हा कारखाना वालचंद हिराचंद यांचा. सोलापूरचा हा माणूस, जन्म १८८२ चा. १९१९ साली सिंधिया कंपनी काढून इंग्रजांच्या डोळ्यांसमोर स्वदेशी जहाजं चालवली, १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना काढला, आणि मोटारीचं स्वप्न तर त्याच्याही आधीपासून पाहत होते. अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करार झाला, पण युद्धाच्या काळात सरकारने परवानगी अडवून धरली. शेवटी १९४४ साली प्रीमियरची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. अमेरिकेतून सुटे भाग खोक्यांत भरून यायचे आणि आपली माणसं ते जोडायची. डॉज, डिसोटो आणि प्लायमाउथ या तिन्ही गाड्या तिथे जोडल्या जात. आबा सांगत, “नावं तीन, पण कपडे काढले की गाडी एकच.” ते खरंही होतं. आपल्याकडे येणाऱ्या डॉज आणि डिसोटो बऱ्याचशा प्लायमाउथच्याच अंगावर वेगळं नाक-डोळे लावून बनवलेल्या असत.

अमेरिकेत ही प्लायमाउथ काही राजेरजवाड्यांची गाडी नव्हती. फोर्ड, शेवरोलेट आणि प्लायमाउथ या तिकडच्या स्वस्त गाड्यांमधल्या तीन मुख्य गाड्या. तिकडचा शाळामास्तरही ती घेऊ शके. पण तीच गाडी आपल्याकडे आली की वकील, डॉक्टर, गिरणीवाले आणि संस्थानिकांच्या दारात उभी राही. ज्या कामगारांनी ती जोडली त्यांना तिच्यात बसायला मिळण्याचा प्रश्नच नव्हता. आबा चौतीस वर्षं त्या कारखान्यात होते. गाड्या बाहेर नेण्यापुरतं सीटवर गोणपाट टाकून बसले असतील, तेवढंच.

आमचे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, १९८४ साली सिल्वाशाला आले. तेव्हा इथे करसवलतीमुळे कारखाने उभे राहत होते, पिपरियाकडे नवनव्या शेड पडत होत्या. दादा सुताच्या एका कारखान्यात देखभाल विभागात फिटर होते. आजी गेल्यावर आबाही इथेच आले. मुंबईतून सुटलेला माणूस, ओळखीचं कुणी नाही, भाषा गुजराती. दिवसभर ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजायचे. बोलणं अगदी कमी झालं होतं.

१९८८ च्या दिवाळीनंतर दादा कारखान्याच्या कामाला उदवाड्याला गेले होते. तिथे एका पारशी बंगल्याच्या मागे, चिकूच्या झाडाखाली, ताडपत्री टाकलेली ही गाडी त्यांना दिसली. १९५१ ची. टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांनी घरं केलेली. मालक वयस्कर, एकटे. मुलं परदेशात. दादांनी ताडपत्री उचलली आणि दाराच्या चौकटीजवळ कुर्ल्याची पट्टी पाहिली. त्यांनी किंमत विचारली. चौदा हजार. दादांचा तेव्हाचा पगार दीड हजारही नव्हता. आईच्या पाटल्या, पतपेढीचं कर्ज आणि मामांकडचे तीन हजार अशी जुळवाजुळव झाली. पैसे मोजून झाल्यावर त्या बावाजींनी एकच गोष्ट सांगितली, “लई जाओ, पण एने भंगारमां नहीं आपजो.” दादा म्हणाले, “नाही देणार.” हा शब्द लक्षात ठेवा.

ट्रकच्या मागे बांधून गाडी घरी आणली तेव्हा आम्ही नऊ वर्षांचे होतो. आबा ओट्यावरून उठले, काठी भिंतीला टेकवली, गाडीभोवती एक फेरी मारली. मग बोनेटवर हात ठेवून म्हणाले, “हिचं डावं मडगार्ड नंतर बदललेलं आहे. आपल्याकडचं नाही ते.” त्या एका वाक्यापासून आबा पुन्हा बोलायला लागले. हे आम्ही वाढवून सांगत नाही. आईसुद्धा हेच सांगेल.

पुढचे सहा महिने आमच्या अंगणात कारखाना होता. सामान आणायला दादा महिन्यातून एकदा रात्रीच्या गाडीने मुंबईला, चोरबाजारात. आबांनी सांगायचं, दादांनी करायचं, आम्ही दोघा भावांनी पाने आणि घासलेट पुढे करायचं. इंजिन सहा सिलिंडरचं, साइड व्हॉल्व्हचं, जवळजवळ ३६०० सीसीचं. म्हणजे त्या काळातल्या साडेचार मारुती आठशे एकत्र केल्यावर जेवढं होईल तेवढं. ताकद ९७ घोड्यांची. पण आवाज म्हणाल तर शिलाई यंत्रासारखा. कारण प्लायमाउथने १९३१ पासून इंजिन रबराच्या गाद्यांवर तरंगतं बसवलं होतं. गाडी सुरू झाली त्या दिवशी आबांनी चालू इंजिनावर रुपयाचं नाणं उभं केलं. नाणं उभंच राहिलं. आळीतली पोरं किती दिवस तेच बघायला यायची.

या गाडीच्या खोडीही सांगायला हव्यात. पहिली खोड बॅटरीची. हिची बॅटरी सहा व्होल्टची, आणि नेहमीच्या गाडीत वजा बाजू बॉडीला जोडतात तशी इथे नाही, इथे अधिक बाजू बॉडीला. गावातल्या एका इलेक्ट्रिशियनने आबांना न विचारता बारा व्होल्टची बॅटरी नेहमीसारखी जोडली. हॉर्न असा काही ओरडला की समोरच्या घरातली म्हैस दावं तोडून पळाली, आणि सगळे दिवे एकदमच गेले. दुसरी खोड चाकांची. उजवीकडच्या चाकांचे बोल्ट सरळ आट्यांचे, डावीकडच्यांचे उलट्या आट्यांचे. चाक फिरताना बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून क्रायस्लरवाल्यांनी तसं केलं होतं. टायरच्या दुकानातल्या पोराने डावं चाक काढताना पान्याला लांब पाइप लावला आणि नेहमीच्या दिशेने जोर केला. दोन बोल्ट मुंडक्यापासून तुटले. तेव्हापासून गाडी कुठेही दिली तरी दादांचं पहिलं वाक्य ठरलेलं, “डावीकडचे उलटे आहेत बरं का.” तिसरी खोड उन्हाळ्याची. मे महिन्यात वापीच्या रस्त्यावर पेट्रोलची वाफ होऊन पंप बंद पडायचा. मग पंपावर ओलं फडकं टाकून झाडाखाली अर्धा तास गप्पा. आई म्हणायची, या गाडीने आम्हाला थांबायला शिकवलं. पेट्रोल लिटरला जेमतेम सहा किलोमीटर. त्यामुळे गाडी रोज काढणं शक्यच नव्हतं. महिन्यातून एक फेरी, आणि सणावाराला.

पण ती फेरी म्हणजे काय असायची! पुढची सीट सलग, सोफ्यासारखी. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे पुढे तिघं ऐसपैस. मागे चार मोठी आणि मांडीवर मुलं. एकदा जव्हार-मोखाड्याच्या घाटातून त्र्यंबकेश्वरला गेलो तेव्हा नऊ माणसं होती आणि कुणाचीही तक्रार नव्हती. खानवेलच्या बाजूला गेलो की वारली पाड्यांवरची पोरं मागे धावत यायची. दादा हमखास थांबायचे आणि त्यांना एक चक्कर मारून आणायचे.

छताबद्दल एक गंमत आहे. क्रायस्लरचे त्या काळातले अध्यक्ष के. टी. केलर यांचा आग्रह असा, की हॅट घातलेल्या माणसाला हॅट न काढता गाडीत बसता आलं पाहिजे. त्यामुळे दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्या बुटक्या होत गेल्या तरी ह्यांचं छत उंचच राहिलं. अमेरिकेत लोक त्यावरून हसायचे म्हणे. पण त्या साहेबाच्या हॅटीमुळे आमचे आबा गांधी टोपी न काढता गाडीत बसत, आणि अडीच फुटी गणपती मुकुटासकट मागच्या सीटवर बसे. वापीहून येताना दोन्ही बाजूला दोघांनी मूर्तीला धरायचं, गाडी तीसच्या वर न्यायची नाही, आणि किलवणी नाक्याला आलं की ढोल सुरू. अनंत चतुर्दशीला दमणगंगेवर जातानाही तीच गाडी. आबा पुढच्या सीटवर खिडकीशी. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी गाड्या जोडल्या, तो म्हातारपणी आपल्या हातच्या गाडीतून गणपती घेऊन येत होता. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते आम्हाला तेव्हा कळलं नाही. आज कळतं.

आबा कधी कधी मोठी गोष्ट सहज सांगून जात. इथले जुने लोक १९५४ म्हटलं की २ ऑगस्ट आठवतात, सिल्वासा पोर्तुगिजांच्या ताब्यातून सुटलं तो दिवस. राजा वाकणकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही आपली मराठी माणसं त्यात होती, याचा आपल्याला अभिमान आहे. आबांना मात्र ते वर्ष दुसऱ्याही कारणाने आठवायचं. १९२८ पासून मुंबईत शेवरोलेट, ब्यूक जोडणाऱ्या जनरल मोटर्सने त्याच सुमारास इथलं काम बंद केलं. फोर्डही गेली. सरकारने सांगितलं होतं, नुसते सुटे भाग आणून जोडायचे नाहीत, इथे बनवायची तयारी असेल त्यानेच राहावं. प्रीमियर राहिली, आणि फियाट बनवायला लागली. आबा म्हणायचे, “मोठ्या गाड्या गेल्या ते बरंच झालं. त्या आपल्या नव्हत्याच, आपण नुसते जोडत होतो. फियाटने आपल्याला बनवायला शिकवलं.” प्लायमाउथवर एवढं प्रेम करणारा माणूस हे म्हणत असे. आम्हाला त्याचं नवल वाटतं.

१९९९ मध्ये आबा गेले. त्यानंतर गाडी कमी निघू लागली. आम्ही यांत्रिकीचा डिप्लोमा पूर्ण केला आणि २००३ साली महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत लागलो, तेव्हाच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यात. यांत्रिकी शाखा. आमच्याकडे जे काम आलं त्याचं नाव निर्लेखन. कार्यालयाची जीप, ट्रक, रोड रोलर जुना झाला की त्याचा प्रस्ताव करायचा. खरेदीची तारीख, मूळ किंमत, चाललेले किलोमीटर, दुरुस्तीचा अंदाजित खर्च, आणि शेवटी शेरा : दुरुस्ती करणे आर्थिकदृष्ट्या परवडणारे नाही, सबब निर्लेखित करण्यास हरकत नाही. मग लिलाव, मग भंगार. नवी नोकरी, नवा शिक्का. हात शिवशिवत होते.

आणि २००४ चा ऑगस्ट आला. दमणगंगेचा तो पूर इथल्या कुणालाच विसरता येणार नाही. आमचं घर सखल भागात. माणसं माळ्यावर गेली, पण गाडी शेडमध्येच राहिली. पाणी ओसरलं तेव्हा सीटच्या वर दोन बोटं चिखल होता. इंजिनात पाणी, डायनामोत पाणी, तळाचा पत्रा आधीच गंजलेला. दादा रोज संध्याकाळी कामावरून येऊन एक एक भाग सोडवून घासलेटमध्ये धुवायचे. चार महिने हेच चाललं. घराला ओल, भिंतींना रंग नाही, आणि दादा गाडीपाशी. आम्ही दोघा भावांची चिडचिड होऊ लागली.

जानेवारीत ताईच्या बाळंतपणासाठी आई-दादा पुण्याला गेले, दीड महिन्यासाठी. आम्ही एका रविवारी कागद घेऊन बसलो. खरंच बसलो. खरेदीची तारीख, किंमत, दुरुस्तीचा अंदाज एक लाख दहा हजार. शेरा लिहिला. धाकट्याने वापीच्या भंगारवाल्याला बोलावलं. त्याने सव्वीस हजार दिले. क्रेनने उचलून गाडी ट्रकवर ठेवली तेव्हा एक दार उघडं पडलं आणि लोंबत राहिलं. आम्ही ते बंद करायलाही पुढे झालो नाही. त्या पैशांत घराला रंग दिला. आम्हाला वाटलं, दादा आले की चार दिवस बोलतील आणि विसरतील.

दादा आले. रंग पाहिला. मागे गेले, रिकामी शेड पाहिली. आम्ही तयारीत होतो, सगळे आकडे पाठ होते. दादांनी एकच विचारलं, “डावीकडचे बोल्ट उलट्या आट्यांचे आहेत, सांगितलंत ना त्याला?”

आम्ही काहीच बोललो नाही. सांगितलं नव्हतंच. भंगारवाल्याला ते सांगून उपयोग काय, तो गॅसने कापणार. हे दादांना कळत नव्हतं असं नाही. तरी त्यांनी तेवढंच विचारलं, आणि हातपाय धुवायला गेले. दुसऱ्या दिवशी रजा टाकून बसने वापीला गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा पिशवीत ते गलबत होतं आणि डावीकडचा एक बोल्ट. गाडी उरली नव्हती. त्या दोन वस्तू त्यांनी भंगारवाल्याकडून किती पैसे देऊन आणल्या हे आम्ही आजवर विचारलेलं नाही.

त्या गोष्टीला वीस वर्षं झाली. ते गलबत आमच्या काचेच्या कपाटात आहे. दसऱ्याला पाने-पकडींबरोबर त्यालाही झेंडूचं फूल लागतं. आम्ही नोकरीत आजही निर्लेखनाचे प्रस्ताव करतो. ते चूक आहे असं आमचं म्हणणं नाही. शासनाची गाडी पंधरा वर्षांची झाली की आता ती मोडीतच काढायची असा केंद्राचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावर ठेवण्यात कुणाचंच भलं नाही. पण त्या नमुन्यात किलोमीटरचा रकाना आहे, कुणी चालवली याचा रकाना नाही. म्हणून सहीसाठी फाइल वर पाठवण्याआधी आम्ही त्या गाडीच्या चालकाला बोलावतो, चहा देतो आणि गाडीबद्दल विचारतो. कुणी दहा मिनिटं बोलतो, कुणी तासभर. फाइल तशीच जाते. पण त्या माणसाला न विचारता जात नाही.

आपल्यापैकी कुणाच्या घरी, गावाकडच्या वाड्यात, अशी जुनी गाडी किंवा मोटारसायकल असेल तर दोन गोष्टी माहीत असू द्या. २०२१ पासून पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी दुचाकी आणि चारचाकींची ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, फेरनोंदणीला ५ हजार, मुदत दहा वर्षं. रोज फिरवता येत नाही, पण प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला नेता येते. ही सोय २००५ साली असती तरी आम्ही विचारलं असतं का, हे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. म्हणून दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची : विकायची असेल तर जरूर विका, पण घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारून, त्याच्या देखत विका. त्यालाही दार बंद करायला पुढे होऊ द्या.

आता कारण. या वर्षी दादांना पंचाहत्तर पूर्ण झाली. ते आज दुसऱ्या रांगेत, खांबाशेजारी बसले आहेत, आणि आम्ही काय बोलणार आहोत हे त्यांना माहीत नव्हतं. घरात हे बोलायला आम्हा दोघा भावांना वीस वर्षं जमलं नाही. म्हणून बाप्पाच्या आणि आपल्या सर्वांच्या साक्षीने बोलतो.

दादा, तुम्ही त्या बावाजींना शब्द दिला होता. तो आम्ही मोडला. तुमच्या वतीने, तुम्हाला न विचारता मोडला. आमचं चुकलं.

एवढं बोलून थांबतो. गणपती बाप्पा मोरया!